माप, मनाई आणि शेरा

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

आज मला तुमच्याशी एका लहानशा वाक्याविषयी बोलायचे आहे. वाक्य लहान आहे, पण ते माणसाचे पाय बांधून ठेवते.

समजा, आपल्यातलाच एक शेतकरी आहे. वय पन्नाशीचे. घरी थोडी कपाशी आहे, थोडी केळी आहेत. तरुणपणी तो गावातून शेतापर्यंत पायी जायचा, पायी यायचा. मोट गेली आणि विहिरीवर विजेचा पंप आला. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. शेतात जायला मोटारसायकल आली. कष्ट कमी झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पोट सुटले. जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की दम लागू लागला.

एके दिवशी त्याने मनाशी ठरवले, "आता रोज पहाटे चालायचं. वजन उतरवायचं. आणि पुढच्या चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी जायचं." खानदेशातली माणसे दरवर्षी पायी जातातच. आपणही जाऊ, असे त्याला वाटले. त्याने बूटही घेतले.

तालुक्याला गेला, तर डॉक्टरांना दाखवून घेतले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, रक्तातली साखर पाहिली, गुडघे दाबून पाहिले. कागदावर लिहिता लिहिता ते म्हणाले, "या वयात आता काय वजन उतरणार? गुडघे झिजलेत तुमचे. गडाबिडाचा नाद सोडा."

झाले! बूट माळ्यावर गेले. घरी कुणी विचारले, तर उत्तर तयार होते, "डॉक्टरच नको म्हणाले." आणि मनातल्या मनात अहिराणीत एक सुस्कारा, "आते काय व्हई?"

असे तुमच्यापैकी किती जणांचे झाले असेल? कुणाला सांगितले असेल, "तुमचं अंगच जड, ते उतरायचं नाही." एखाद्या बाईला सांगितले असेल, "चार बाळंतपणं झाली, आता कंबर अशीच राहणार." बोलणारा बोलून गेला. बाहेर रांगेत दुसरा रोगी उभा होता. पण ऐकणाऱ्याने ते वाक्य घरी आणले, उशाशी ठेवले आणि त्याच्यावर झोपून राहिला.

आणखी एक खरी गोष्ट सांगू का? रागावू नका. असे वाक्य आपल्याला कधी कधी आवडतेही. पहाटे अंथरूण सोडायला नको. खाण्याला आवर घालायला नको. वर कुणी बोट दाखवणार नाही. वाक्य डॉक्टरांचे असते, पण त्याच्या आडोशाला आपला आळस बसतो.

मग करायचे काय? डॉक्टरांवर रागवायचे का? मुळीच नाही. डॉक्टरांचे ऐकायचेच नाही का? तेही नाही. करायचे ते एवढेच, की डॉक्टर जे बोलले ते निवडून घ्यायचे. आपण सुपात धान्य घेऊन पाखडतो ना, तसे.

डॉक्टरांच्या बोलण्यात तीन गोष्टी असतात. माप, मनाई आणि शेरा.

माप म्हणजे मोजून सांगितलेली गोष्ट. वजन इतके किलो. रक्तदाब इतका. साखर इतकी. गुडघ्याच्या फोटोत हे दिसते. यात वाद नाही. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात ते पाहावे, तसे हे आहे. माप मानायचे आणि लिहून ठेवायचे.

मनाई म्हणजे काही कारणाने घातलेली बंदी. "छातीत दुखतं ते थांबेपर्यंत भराभर चालू नका." "शस्त्रक्रिया झाली आहे, तीन महिने वजन उचलू नका." "पायाला जखम आहे, ती भरेपर्यंत अनवाणी फिरू नका." मनाईच्या मागे कारण असते आणि बहुधा मुदत असते. मनाई पाळायची. ती मोडणे म्हणजे मर्दुमकी नव्हे.

आणि शेरा? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजी शेरा लिहितात. तलाठ्याच्या कागदावरही शेरा असतो. "या वयात काय होणार", "तुमच्याच्यानं होणार नाही", "नाद सोडा", हे सारे शेरे. शेरा म्हणजे अंदाज. विहिरीत आज पाणी किती, हे माप झाले. ते जेठ महिन्यापर्यंत पुरेल की नाही, हा अंदाज झाला. अंदाज शहाण्या माणसाचा असला तर ऐकावा. पण तो खरा की खोटा, हे जेठातच कळते.

माप मानावे. मनाई पाळावी. शेरा मात्र करून पाहून ठरवावा. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. पण नुसते सांगून पटत नाही, म्हणून खरी माणसे तुमच्यापुढे उभी करतो.

पहिला माणूस आपल्या महाराष्ट्रातला. नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूर इथे १९४४ साली त्यांचा जन्म झाला. लहान वयात ते सैन्यात गेले. अंगाने चपळ, मुष्टियुद्धात तरबेज. मोठ्या स्पर्धेत देशासाठी खेळायचे, हे त्यांचे स्वप्न होते.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्या युद्धात या विशीतल्या जवानाला नऊ गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात बसली. कमरेखालचे अंग लुळे पडले. पायांवर उभे राहून मुष्टियुद्ध करणे संपले.

आता इथे नीट लक्ष द्या. पाय गेले, हे डॉक्टरांचे माप होते आणि ते खरे होते. पेटकरांनी कितीही मनावर घेतले, तरी ते पाय परत येणार नव्हते आणि आलेही नाहीत. पुष्कळ गोष्टींत सांगतात, की डॉक्टर खोटे ठरले आणि माणूस धावू लागला. इथे तसे झाले नाही. इथे माप खरेच होते. पण ज्यांनी उपचार केले, त्यांनी एवढ्यावर थांबू दिले नाही. हात शाबूत होते, छाती शाबूत होती. त्यांनी पोहण्याचा सल्ला दिला. पाणी अंगाचा भार पेलते. पाण्यात पाय नसले तरी हातांवर पुढे जाता येते.

पेटकर पाण्यात उतरले. आधी उपचार म्हणून आणि मग खेळ म्हणून. १९६८ साली तेल अवीव इथे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली. तिला पॅरालिंपिक म्हणतात. तिथे ते टेबल टेनिस खेळले. पुढे १९७२ साली ही स्पर्धा पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी भरली. तिथे ५० मीटर अंतर ते ३७.३३ सेकंदांत पोहून गेले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. सुवर्णपदक मिळाले. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

यातून काय घ्यायचे? गेले किती, ते डॉक्टरांनी सांगितले. राहिले किती, ते शोधायचे होते. नाउमेद झालेला माणूस गेलेल्याचाच हिशेब करत बसतो. उमेदीचा माणूस राहिलेल्याचा हिशेब करतो. आपल्या गुडघ्याची झीज हे गेलेले. मांडीचा जोर, हातांचा जोर, छातीतला श्वास हे राहिलेले. जे राहिले आहे, ते वाढवता येते.

कुणी म्हणेल, "पेटकर जवान होते, तरुण होते. आमचं वय झालं." बरे, मग म्हाताऱ्यांची गोष्ट ऐका.

अमेरिकेत बोस्टन शहरात १९९० साली डॉक्टरांनी एक प्रयोग छापून प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातली दहा माणसे घेतली. वय सरासरी नव्वद वर्षे! त्यांना मांडीचा जोर वाढवण्याचा व्यायाम दिला. नीट देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत, आठ आठवडे. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या मांडीचा जोर सरासरीने अडीच पटींहून अधिक झाला. नव्वदीत हे होते, तर पन्नाशीत का होऊ नये?

आता याच्या उलटी गोष्ट. त्याच अमेरिकेत डलास गावी १९६६ साली पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसते खाटेवर झोपवून ठेवले. त्यांची श्रम करण्याची ताकद किती उतरली, ते मोजले. मग तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. तेव्हा ते पन्नाशीत होते. पुन्हा मोजले. काय आढळले? तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जितकी उतरवली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या खाटेने उतरवली होती! पुढे त्यांना सहा महिने हळूहळू व्यायाम दिला. तेव्हा तीस वर्षांत गेलेली ती ताकद पुन्हा भरून आली.

म्हणजे आपण ज्याला वय म्हणतो, त्यातला मोठा वाटा नुसत्या बसून राहण्याचा असतो.

आणखी एक लक्षात घ्या. डॉक्टरांचे शास्त्रही एका जागी थांबत नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे खाटेवरून हलू देत नसत. १९५२ साली लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी लिहिले, की अशा रोग्याला खुर्चीत बसवले तर बरे. पुष्कळांना ते धाडसाचे वाटले. आज तर असा रोगी थोडा सावरला की डॉक्टर स्वतःच त्याला हळूहळू चालवतात. ज्याला काल मनाई होती, तेच आज औषध झाले. गुडघ्यांचेही तसेच. गुडघे झिजले म्हणून बसून राहा, असे आजचे शास्त्र सांगत नाही. ते सांगते, मांडीचे स्नायू बळकट करा, बेताने चाला, वजन थोडे उतरवा, म्हणजे गुडघ्यावरचा भार हलका होतो.

तेव्हा एखादा डॉक्टर घाईत काही बोलला, तर ते शास्त्राचे शेवटचे बोलणे समजू नका. आणि त्यांच्या बाजूनेही विचार करा. दिवसाला शंभर रोगी. त्यांनी किती जणांना सांगितले असेल, "चाला", आणि किती जण चार दिवस चालून थांबले असतील. शेवटी त्यांचीही उमेद खचते. त्यांना खोटे ठरवून दाखवा. असे खोटे ठरायला कुठलाही चांगला डॉक्टर आनंदाने तयार असतो.

आता दुसरी गोष्ट. ही एका मुलीची आणि तिच्या आईची आहे.

अमेरिकेत टेनेसी नावाचा प्रांत आहे. तिथे १९४० साली विल्मा रुडॉल्फ नावाची मुलगी जन्मली. घर गरीब काळ्या लोकांचे. बाप हमाली करी, आई लोकांच्या घरी काम करी. बावीस भावंडांतले हे विसावे लेकरू. लहानपणीच तिला पोलिओ झाला. डावा पाय वाकडा पडला. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी चालणार नाही. आई म्हणाली, चालेल.

पण आई नुसते म्हणून थांबली नाही, हे महत्त्वाचे. काळ्या लोकांवर उपचार करणारे रुग्णालय सुमारे पन्नास मैलांवर होते. आई दर आठवड्याला तिला बसने तिथे नेई. तिथल्या डॉक्टरांनी पाय कसा चोळायचा ते शिकवले. मग घरी आई आणि मोठी भावंडे पाळीपाळीने दिवसातून चार वेळा तो पाय चोळत. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. बाराव्या वर्षापर्यंत तो सुटला. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये याच मुलीने धावण्याची तीन सुवर्णपदके जिंकली.

तुम्ही म्हणाल, ही फार मोठी गोष्ट झाली. आपल्या घरात कुठे ऑलिंपिक? बरोबर आहे. पण दिवसातून चार वेळा पाय चोळणे, ही मोठी गोष्ट नाही. ती घरातली गोष्ट आहे. एका माणसाची उमेद दुसऱ्याच्या आधाराने टिकते. घरातला एक जण चालायला निघाला, तर बाकीच्यांनी हसू नये. सासूबाई पहाटे चालायला निघाल्या, तर सुनेने म्हणावे, "जा, चुलीचं मी बघते." आणि सून निघाली, तर सासूने म्हणावे, "जा बाई, लेकराला मी घेते." बायांच्या व्यायामाला डॉक्टरांच्या शेऱ्याआधी घरचा शेरा आडवा येतो. तो आधी पुसायला हवा.

तिसरी गोष्ट आचार्य विनोबा भावे यांची. आपल्या खानदेशाशी त्यांचा जवळचा संबंध. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

पुढे १९३८ साली विनोबांची प्रकृती फार उतरली. वजन ८८ पौंड झाले. म्हणजे फक्त ४० किलो! गांधीजींना काळजी पडली. त्यांनी सांगितले, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या. विनोबांनी दूरचे ठिकाण निवडले नाही. ते वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार इथे राहायला गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या कामांची चिंता मनातून काढून टाकली. आणि तिथे त्यांनी शेत खणायला सुरुवात केली.

पण किती? पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. असे वाढवत वाढवत ते तासांवर गेले. मधे मधे थांबून दम घेत. वर्ष सरायच्या आत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढले. आणि १९५१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हाच माणूस भूदानासाठी पायी निघाला आणि सुमारे तेरा वर्षे भारतभर चालत राहिला.

आपण काय करतो? पहिल्या दिवशी पाच मैल चालतो. दुसऱ्या दिवशी पाय सुजतात. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "डॉक्टर म्हणाले तेच खरं." अहो, ते खरे नव्हे. आपण पाच मिनिटांच्या जागी पाच मैल केले, हे खरे! कपाशीला एकाच दिवशी सारे पाणी देऊन भागते का? पाळीपाळीनेच द्यावे लागते.

आता कामाचे बोलू. उद्यापासून काय करायचे?

पहिले काम. डॉक्टरांकडे परत जायचे. हो, परत जायचे. वही आणि पेन्सिल घेऊन. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हे अक्षर नुसते सही करायला नाही. डॉक्टरांना नमस्कार करून म्हणा, "साहेब, काय करू नको ते कळलं. आता काय करू, तेही सांगा." आणि तीन प्रश्न विचारा. माझे माप काय आहे? मला कशाची मनाई आहे आणि किती दिवस? मी कशाने आणि कितीने सुरुवात करू? उत्तरे त्यांच्यासमोरच लिहून घ्या. ज्या डॉक्टरांनी शेरा मारला, तेच प्रश्न विचारल्यावर चांगली वाट दाखवतात, असे पुष्कळदा घडते. एकाने नाहीच ऐकले, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरे काम. थोडक्याने सुरुवात. डॉक्टरांची मनाई नसेल, तर रोज पाच-दहा मिनिटे चाला. दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाला आठवड्याला निदान दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम हवा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायामही हवा. चाल किती असावी? चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता आली, तर चाल मंद. बोलताही येईना, तर चाल फार जलद.

मांडीच्या जोरासाठी घरातली खुर्ची पुरे. ती भिंतीला टेकवून ठेवा. हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. पाच वेळा. जमत नसेल, तर आधी हात टेकून करा. पाच सहज झाले, की सहा करा.

आपल्याकडचे ऊन तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पहाटेच चाला, नाही तर सूर्य मावळल्यावर. पाणी पिऊन निघा. साखरेचा आजार असेल, तर अनवाणी चालू नका. रोज रात्री तळपाय पाहा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि चालताना छातीत दुखले, दाटून आले, घेरी आली, भलताच दम लागला, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा. तिथे उमेदीची परीक्षा पाहायची नसते.

कुणी विचारील, "आम्ही शेतात राबतो. आम्हाला कसला व्यायाम?" प्रश्न बरोबर आहे. निंदणी-कापणीत जो दिवसभर राबतो, त्याचे चालणे त्यातच झाले. पण ते काम बारा महिने नसते. हंगाम सरला की पारावर बसणे आले. ज्या महिन्यांत काम नाही, त्या महिन्यांसाठी हे सांगणे आहे. आणि ज्यांचे काम यंत्राने घेतले, त्यांच्यासाठी तर बाराही महिने.

तिसरे काम. लिहून ठेवणे. वहीत तीन रकाने पाडा. तारीख, मिनिटे आणि अंगाला काय वाटले. वजनाच्या काट्याकडे रोज पाहू नका. काटा सावकाश हलतो आणि माणसाला नाउमेद करतो. त्याआधी दुसऱ्या खुणा दिसतात. झोप लागते. जिना चढताना दम कमी लागतो. उठताना हात टेकावा लागत नाही. हे लिहा. महिन्याने मागचे पान वाचा. शेरा खरा की खोटा, ते तुमचेच अक्षर तुम्हाला सांगेल.

आणि मधे खंड पडला तर? पडणारच. लग्नसराई येईल, पेरणी येईल, घरात कुणी आजारी पडेल. ज्या दिवशी चालणे झाले नाही, त्या दिवशी वहीत शून्य लिहा. शून्य लिहायची लाज धरू नका. एका शून्याने वही फुकट जात नाही. वही बंद केली, तर मात्र सारेच फुकट जाते.

शेवटी फळाविषयी. खोटी आशा मी दाखवणार नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी साखरेच्या आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या देशातल्या माणसांवर प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीसारखेच राहू दिले. त्यांच्यातल्या शंभरांतल्या ५५ जणांना तीन वर्षांत आजार झाला. काहींना रोज चालायला आणि खाण्याला आवर घालायला लावले. त्यांच्यातल्या शंभरांतल्या ३९ जणांना झाला. म्हणजे चालूनही काहींना आजार झालाच. पण शंभरांमागे सोळा माणसे वाचली. त्या सोळांत आपण असू की नाही, हे आधी कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही. चालून पाहणे, एवढेच आपल्या हाती.

कदाचित तुमचे वजन फार उतरणार नाही. कदाचित गडाची पायवाट तुमच्याच्याने पुरी होणार नाही आणि निम्म्यावरून एसटीत बसावे लागेल. बसा खुशाल! ज्याला जिना चढवत नव्हता, तो निम्म्या वाटेपर्यंत पायी गेला, ही काय थोडी गोष्ट आहे?

तर मायबहिणींनो आणि भावांनो, माझे बोलणे संपले. या वर्गातले पाच-सहा जण उद्या पहाटे देवळाच्या पारापाशी जमले, तर एकमेकांची सोबत होईल. आणि आज घरी गेल्यावर वहीच्या नव्या पानावर एवढे उतरून काढा :

माप लिहून ठेवीन.
मनाई पाळीन.
शेरा करून पाहीन.
आजची तारीख. आज चाललो : पाच मिनिटे.